कॉन्स्टँटिनोपलचे तट फोडणारी म्हणून व्हायरल होणारी 'ती' तोफ नक्की कोणती?

फेसबुकवर किंवा इन्स्टावर इतिहासाची पेजेस फॉलो करत असाल, तर हा फोटो तुमच्यासमोर कधी ना कधी आलाच असेल. हिरवट-काळपट रंगाची एक अजस्र तोफ, दोन तुकड्यांत. एका तुकड्याच्या तोंडावर स्क्रूसारखे आटे कोरलेले. खाली कॅप्शन ठरलेलं : "१४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या अभेद्य भिंती पाडणारी हीच ती तोफ!"

फोटो खरा आहे आणि तोफही खरी आहे. चूक आहे ती कॅप्शनमध्ये.

या तोफेनं कॉन्स्टँटिनोपलच्या भिंतीवर एकही गोळा टाकलेला नाही. शक्यच नव्हतं, कारण ते शहर पडलं तेव्हा ही तोफ जन्मालाच आली नव्हती. पण म्हणून तिची गोष्ट फुसकी ठरत नाही. ओतल्यानंतर तब्बल ३४३ वर्षांनी, नेपोलियनच्या काळात, तिच्या जातीच्या तोफांनी जगातल्या सगळ्यात बलाढ्य आरमाराला दणका दिला. आणि पुढे ५९ वर्षांनी ही तोफ त्याच आरमाराच्या देशाला चक्क भेट म्हणून देण्यात आली.

या तोफेला आज 'दार्दानेल्स तोफ' म्हणतात. तिची ही गोष्ट.

थोडक्यात ओळख

नाव : दार्दानेल्स तोफ
ओतली कधी : हिजरी ८६८, रज्जब महिना (इसवी सन १४६४)
ओतणारा : मुनीर अली
कुणासाठी : ऑटोमन सुलतान दुसरा मेहमद
धातू : ब्राँझ
लांबी : सुमारे ५.१८ मीटर, म्हणजे १७ फूट
वजन : सुमारे १६.८ टन
तोंडाचा व्यास : ६३.५ सेंटीमीटर, म्हणजे २५ इंच
सध्या कुठे : फोर्ट नेल्सन, रॉयल आर्मरीज संग्रहालय, इंग्लंड

मग कॉन्स्टँटिनोपलवर चाललेली तोफ कोणती?

गोंधळ कुठून सुरू झाला ते कळण्यासाठी आधी १४५३ मध्ये जावं लागेल.

कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल. त्या वेळी ती बायझंटाईन साम्राज्याची राजधानी होती. साम्राज्य पार आक्रसलं होतं, पण शहराभोवतीचे तट मात्र भक्कम होते. पाचव्या शतकात बांधलेल्या या तटांनी हजार वर्षं एकामागून एक वेढे परतवले होते.

सुलतान दुसरा मेहमद तेव्हा जेमतेम २१ वर्षांचा होता. त्याच्या पदरी ऑर्बन नावाचा एक ओतारी आला. ऑर्बन मूळचा हंगेरीचा. गंमत म्हणजे तो आधी बायझंटाईन सम्राटाकडेच नोकरीला होता. पण सम्राटाच्या तिजोरीत खडखडाट. ना धड पगार, ना तोफ ओतायला धातू. मग ऑर्बननं थेट शत्रूचं दार ठोठावलं. मेहमदनं त्याला हवं ते सगळं दिलं.

ऑर्बननं एदिर्ने शहरात एक महाकाय तोफ ओतली. ती कॉन्स्टँटिनोपलपर्यंत न्यायला ६० बैल आणि २०० माणसं लागली, असं त्या काळचे बखरकार सांगतात. तिच्यातून पाचशे किलोहून जास्त वजनाचा दगडी गोळा उडायचा. पण एकदा डागली की ती तापायची. निवायला आणि पुन्हा भरायला इतका वेळ लागायचा, की दिवसाला जेमतेम सातच वेळा चालायची.

६ एप्रिलला वेढा पडला आणि २९ मे १४५३ रोजी शहर पडलं. तट खिळखिळे करण्यात तोफांचा मोठा वाटा होता. पण ते काम एकट्या ऑर्बनच्या तोफेचं नव्हतं. मेहमदकडे लहानमोठ्या तोफांचा ताफाच होता. ऑर्बनच्या तोफेला तर वेढ्यातच तडे गेल्याच्या नोंदी आहेत. ती आज कुठल्याही संग्रहालयात नाही.

खरी तोफ उरलेली नाही, पण पोस्टला फोटो तर हवा! मग तिच्या धर्तीवर पुढे ओतलेल्या तोफेचा फोटो लावला जातो. ती ही दार्दानेल्स तोफ.

तोफ स्वतःच सांगते स्वतःची जन्मतारीख

हे सिद्ध करायला कुठलं गुप्त दस्तऐवज शोधावं लागत नाही. तोफेच्या तोंडाशीच अरबी लिपीत मजकूर कोरलाय. त्यात तीन गोष्टी आहेत. सुलतान मेहमदचं नाव, तोफ ओतणाऱ्या मुनीर अलीचं नाव, आणि तारीख : हिजरी ८६८ चा रज्जब महिना.

कॉन्स्टँटिनोपल पडलं ते हिजरी ८५७ मध्ये. म्हणजे हिजरी सनानं मोजा किंवा इसवी सनानं, शहर पडून ११ वर्षं होऊन गेल्यावर ही तोफ ओतली गेली.

ऑर्बनचं नाव इथे कुठेच नाही. त्याच्यावर सिनेमे, मालिका, गेम्स सगळीकडे चर्चा होते. मुनीर अलीचं नाव मात्र किती जणांना माहीत असतं? पण साडेपाचशे वर्षांनंतर ज्याचं काम आजही हात लावण्याइतकं शाबूत आहे, तो मुनीर अलीच.

तोफ दोन तुकड्यांत का?

हा या तोफेबद्दलचा सगळ्यात कॉमन प्रश्न.

तोफेचे दोन भाग आहेत. पुढचा भाग म्हणजे रुंद नळी, तिच्यात दगडी गोळा बसायचा. मागचा भाग म्हणजे दारूची कोठी. तिची पोकळी पुढच्या नळीपेक्षा बरीच अरुंद आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू या कोठीत ठासायची. कोठी अरुंद आणि जाड असल्यानं स्फोटाचा सगळा जोर पुढे, गोळ्यावर जायचा.

हे दोन भाग एकमेकांना आट्यांनी जोडलेत. लोणच्याच्या बरणीला आट्याचं झाकण असतं ना, अगदी तसंच. फरक एवढाच की इथे बरणी आणि झाकण दोन्ही काही टनांचं आहे! ते हातानं फिरणं शक्यच नाही. म्हणून दोन्ही भागांच्या कडेला गोलाकार खाचा ठेवल्या आहेत. या खाचांमध्ये लाकडी दांडे अडकवायचे आणि माणसं लावून तरफेसारखा जोर देत तुकडा फिरवायचा.

या रचनेचे दोन फायदे होते. पहिला फायदा ओतकामाचा. एवढी मोठी तोफ एकसंध ओतायची, तर १६-१७ टन ब्राँझ एकाच वेळी वितळवून एकाच साच्यात सोडावं लागतं. मध्ये कुठे धातू थंड झाला, हवेचा बुडबुडा अडकला, की सगळी मेहनत पाण्यात. दोन भाग केले की हा धोका विभागला जातो. दुसरा फायदा वाहतुकीचा. १६.८ टन म्हणजे तीन-चार मोठ्या हत्तींएवढं वजन. ते बैलगाड्यांवर किंवा जहाजावर चढवायचं, तर दोन तुकडे केव्हाही बरे.

इथेच आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. 'दर वेळी मागचा भाग उघडून दारू भरायचे', असंही काही पोस्टमध्ये असतं. जरा विचार करा. तोफ डागली की धातू तापतो, प्रसरण पावतो आणि आटे घट्ट बसतात. ते निवेपर्यंत थांबायचं, मग काही टनांचा तुकडा फिरवून काढायचा, दारू भरायची, पुन्हा बसवायचा. तोवर शत्रूचं जहाज कुठच्या कुठे गेलेलं असणार! या तोफेत दारू आणि गोळा दोन्ही पुढूनच, तोंडातून भरले जात.

एवढं ब्राँझ ओतायचे कसे?

ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. त्या काळी लोखंड वितळवून एवढी मोठी वस्तू एकसंध ओतणं जमत नव्हतं. लोखंडी तोफा बनायच्या त्या पट्ट्या जोडून, त्यावर पिंपासारखी कडी ठोकून. ब्राँझ मात्र ओतता यायचं. युरोपात चर्चच्या घंटा ओतणाऱ्या कारागिरांना ही कला अवगत होती, आणि तोफ ओतणं हे त्याच कामाचं मोठं भावंड.

मेहमदच्याच काळातल्या क्रिटोबुलस या ग्रीक इतिहासकारानं १४५३ च्या तोफेचा साचा कसा बनवला, याचं वर्णन केलंय. आधी बारीक, चिकट माती निवडायची. ती नीट मळायची. तडे जाऊ नयेत म्हणून तिच्यात ताग आणि कापडाचे धागे मिसळायचे. या मातीचा एक लांबट गाभा बनवायचा. हा गाभा म्हणजे तोफेची आतली पोकळी. त्याच्याभोवती मोकळी जागा सोडून बाहेरचा साचा उभा करायचा. बाहेरून लोखंड, लाकूड, दगड, माती यांचा भक्कम आधार द्यायचा, कारण वितळलेल्या धातूच्या वजनानं साचा फुटला तर आसपासच्यांचा जीवच जायचा. मग गाभा आणि साचा यांच्यामधल्या जागेत भट्टीतून धातू सोडायचा.

आपल्याकडे माती, ताग, मेण वापरून पितळी मूर्ती ओतणाऱ्या कारागिरांचं काम पाहिलं असेल, तर यातलं तत्त्व ओळखीचं वाटेल. फक्त इथे मूर्तीच्या जागी १७ फुटांचं यंत्र आहे.

दगडाचाच गोळा का?

कारण लोखंडी गोळा या तोफेला पेललाच नसता.

गणित सोपं आहे. ६३ सेंटीमीटर व्यासाचा ग्रॅनाईटचा गोळा घेतला, तर त्याचं वजन साधारण ३४० किलो भरतं. तेवढाच गोळा लोखंडाचा केला, तर वजन ९०० किलोच्या पुढे जातं. एवढं वजन ढकलायला कितीतरी जास्त दारू लागली असती आणि तो दाब सहन न होऊन तोफच फुटली असती. दगडी गोळा हलका, त्यामुळे कमी दारूत मोठ्या आकाराचा गोळा फेकता यायचा. शिवाय दगड आसपास मिळायचा. फक्त तो नेमका गोल घडवायला पाथरवटांची फौज लागायची.

तोफेची खरी जागा : एक चिंचोळी सामुद्रधुनी

आता नावाकडे येऊ. दार्दानेल्स ही तुर्कस्तानातली एक लांबलचक, अरुंद सामुद्रधुनी. एका टोकाला एजियन समुद्र, दुसऱ्या टोकाला मार्माराचा समुद्र आणि त्यापुढे इस्तंबूल. म्हणजे भूमध्य समुद्राकडून कुणाही आरमाराला राजधानीवर चालून यायचं असेल, तर याच बोळातून जावं लागणार. बोळ ६० किलोमीटरहून जास्त लांबीचा, आणि सगळ्यात अरुंद ठिकाणी रुंदी जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आसपास.

मेहमदनं हे ओळखलं होतं. कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर त्यानं या अरुंद जागी समोरासमोर दोन किल्ले बांधले. युरोपच्या काठावर किलितबहिर आणि आशियाच्या काठावर, आजच्या चनक्कलेमध्ये, दुसरा किल्ला. दार्दानेल्सच्या अशा किल्ल्यांवर या महाकाय तोफा बसवल्या गेल्या.

आजच्या तोफेला दोन्ही बाजूंनी खुंट्यांसारखे कान असतात, त्यावर ती वरखाली होते. या तोफेला असे कान नाहीत. तिला चाकांचा गाडाही नव्हता. ती जमिनीवर भक्कम आधारात पडून असायची, तोंड पाण्याकडे करून. वळवायची सोय नाही, उंची बदलायची सोय नाही.

मग नेम कसा धरायचा? धरायचाच नाही! जहाज आपोआप तोफेच्या तोंडासमोर येण्याची वाट बघायची. अरुंद सामुद्रधुनीत जहाजाला दुसरी वाट नसते. ते बरोबर समोर आलं की गोलंदाजानं बत्ती द्यायची. चुकलं तर दुसरी संधी नाही, कारण पुन्हा भरेपर्यंत जहाज निघून गेलेलं.

१७७० च्या सुमारास बॅरन द तोत हा फ्रेंचांच्या सेवेतला अधिकारी दार्दानेल्सचं संरक्षण सुधारायला आला होता. तिथल्या अशाच एका प्रचंड तोफेला बत्ती द्यायचं त्यानं ठरवलं. स्थानिक लोक घाबरले. हिच्या धक्क्यानं किल्ला आणि गाव दोन्ही कोसळेल, अशी त्यांची समजूत होती. तोतनं आपल्या आठवणींत या प्रसंगाचं वर्णन केलंय. त्याच्या म्हणण्यानुसार सुमारे दीडशे किलो दारू भरली, भूकंपासारखा हादरा बसला, काही अंतरावर गोळ्याचे तीन तुकडे झाले आणि ते पाण्यावर उसळ्या मारत पलीकडच्या काठावरच्या डोंगरापर्यंत गेले. किल्ला मात्र जागेवरच होता.

१८०७ : म्हाताऱ्या तोफा आणि ब्रिटिश आरमार

आता या तोफेच्या जातीला खरी ओळख देणाऱ्या प्रसंगाकडे येऊ.

साल १८०७. युरोपात नेपोलियनचा जोर. ऑटोमन दरबार फ्रान्सकडे झुकू लागला, म्हणून ब्रिटननं दबाव टाकायचं ठरवलं. दोनच वर्षांपूर्वी ट्रफाल्गरला फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराचा धुव्वा उडवलेलं ब्रिटिश आरमार तेव्हा जगात अजिंक्य मानलं जायचं. व्हाईस ॲडमिरल जॉन डकवर्थ याला हुकूम मिळाला : दार्दानेल्समधून आत घुस, इस्तंबूलसमोर उभा राहा आणि सुलतानाचं आरमार ताब्यात माग.

१९ फेब्रुवारी १८०७ रोजी डकवर्थची ७ मोठी लढाऊ जहाजं आणि सोबतची छोटी जहाजं सामुद्रधुनीतून आत शिरली. किल्ल्यांवरून मारा झाला, पण तटबंदीची डागडुजी झालेली नव्हती, तयारीही अर्धवट होती. जहाजं फारसं नुकसान न होता पार झाली.

पण पुढे डकवर्थ फसला. इस्तंबूलजवळ तो वाटाघाटींसाठी थांबला आणि तुर्कांनी बोलणी लांबवली. आज उत्तर देतो, उद्या देतो. तेवढ्या वेळात फ्रेंच राजदूत जनरल सेबास्तियानी याच्या मदतीनं शहराच्या काठावर तोफा चढत होत्या, दार्दानेल्सचे किल्ले सज्ज होत होते. परतीची वाट बंद होण्याआधी निघायला हवं, हे डकवर्थच्या लक्षात आलं. ३ मार्चला तो त्याच बोळातून परत निघाला.

या वेळी तोफा तयार होत्या. लोखंडी गोळ्यांच्या नव्या तोफांबरोबर मेहमदच्या काळातल्या दगडी गोळ्यांच्या तोफांनाही बत्ती दिली गेली.

'विंडसर कॅसल' या जहाजाच्या मुख्य डोलकाठीवर ८०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ३६० किलोंचा दगडी गोळा आदळला आणि ती जाडजूड डोलकाठी जवळजवळ तुटलीच. 'स्टँडर्ड' जहाजात शिरलेल्या गोळ्यामुळे डेकवर ठेवलेल्या दारूनं पेट घेतला. अनेक खलाशी होरपळले. काहींनी घाबरून समुद्रात उड्या टाकल्या.

'ॲक्टिव्ह' या जहाजावरचा किस्सा तर ब्रिटिश आरमाराच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला. एक दगडी गोळा जहाजाच्या कुशीतून आरपार आत शिरला. केवढं भोक पडलंय ते बघायला कॅप्टन कठड्यावरून वाकला, तर त्याच एका भोकातून त्याच्या दोन खलाशांची डोकी एकाच वेळी बाहेर आली होती!

त्या गोळ्याचं माप घेतलं गेलं. वजन ८०० पौंड, घेर साडेसहा फूट. साडेसहा फूट घेर म्हणजे व्यास सुमारे ६३ सेंटीमीटर. आता वरच्या चौकटीत आपल्या तोफेच्या तोंडाचा व्यास पुन्हा बघा : ६३.५ सेंटीमीटर. म्हणजे हा गोळा या मापाच्या तोफेत अगदी चपखल बसणारा होता.

परतीच्या त्या प्रवासात डकवर्थच्या ताफ्यातले २९ जण ठार झाले आणि १३८ जखमी झाले. यातली अनेक माणसं नव्या लोखंडी तोफांनीही मारली गेली असणार. पण जे बचावले त्यांच्या लक्षात राहिले ते दगडाचे गोळे. ज्या तोफा त्यांच्या पणजोबांच्याही काळात जुन्यापुराण्या होत्या, त्यांनी एकविसाव्या नव्हे, एकोणिसाव्या शतकातल्या जहाजांच्या कुशी फोडल्या होत्या.

हे जमलं कसं? तोफ फिरत नाही, पण बोळही रुंद होत नाही. तोफ मंद आहे, पण लाकडी जहाजाला एक गोळा पुरतो. १४६४ मध्ये जागा निवडणाऱ्याचा हिशेब १८०७ मध्येही बरोबर निघाला.

शत्रूला दिलेली भेट

पुढच्या पन्नास वर्षांत राजकारण पूर्ण उलटलं. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात ब्रिटन आणि ऑटोमन साम्राज्य रशियाविरुद्ध एकाच बाजूनं लढले.

ब्रिटिश तोफखान्यातले अधिकारी जॉन हेन्री लेफ्रॉय यांना जुन्या तोफांच्या अभ्यासात रस होता. दार्दानेल्सच्या या तोफांपैकी एक तरी आपल्याकडे यावी, यासाठी त्यांनी प्रयत्न केले. अखेर १८६६ मध्ये सुलतान अब्दुलअझीझनं ही तोफ राणी व्हिक्टोरियाला भेट दिली. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, तो स्वतः लंडनला गेला. पश्चिम युरोपच्या दौऱ्यावर गेलेला तो पहिलाच ऑटोमन सुलतान.

तोफ दोन तुकड्यांची असल्याचा फायदा इथेही झाला. ती इंग्लंडला पोहोचली आणि बराच काळ टॉवर ऑफ लंडनमध्येही राहिली.

ती गेल्यावर अर्ध्या शतकानं, १८ मार्च १९१५ रोजी, ब्रिटिश आणि फ्रेंच युद्धनौका पुन्हा दार्दानेल्समध्ये शिरल्या. या वेळी जहाजं पोलादी होती आणि समोर दगडी गोळे नव्हते. पण पाण्यात सुरुंग पेरलेले होते. एकाच दिवसात तीन मोठ्या युद्धनौका बुडाल्या. शस्त्रं बदलली, बोळ तोच राहिला.

आज कुठे बघायला मिळते?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथ बंदराच्या मागे एक टेकडी आहे. तिच्यावर फोर्ट नेल्सन हा किल्ला आहे. फ्रेंच आक्रमणाच्या भीतीनं १८६० च्या दशकात तो बांधला गेला. ते आक्रमण कधी आलंच नाही. आज तिथे ब्रिटनच्या 'रॉयल आर्मरीज' या राष्ट्रीय शस्त्रसंग्रहालयाचा तोफखाना विभाग आहे, आणि दार्दानेल्स तोफ तिथेच आहे. दोन्ही तुकडे सुटे करून मांडलेत, त्यामुळे आटे नीट दिसतात. म्हणूनच तो फोटो इतका व्हायरल होतो.

याच संग्रहालयात सद्दाम हुसेनच्या 'सुपरगन'चे भागही आहेत. कॅनडाचा शास्त्रज्ञ जेराल्ड बुल यानं इराकसाठी १ मीटर व्यासाच्या, १५६ मीटर लांब तोफेची योजना आखली होती. मार्च १९९० मध्ये ब्रसेल्समध्ये त्याची गोळ्या घालून हत्या झाली. पुढच्याच महिन्यात ब्रिटिश कस्टम्सनं तोफेचे नळ बंदरातच पकडले. ती तोफसुद्धा तुकड्यातुकड्यांनी जोडायची होती. पाच शतकं गेली, पण अवाढव्य तोफ ओढून नेण्याची अडचण मुनीर अलीच्या वेळी होती तशीच राहिली.

आणि आपली 'मुलुखमैदान'?

एखादा नेता सभा गाजवायला लागला की मराठी बातम्यांत त्याला 'मुलुखमैदान तोफ' म्हणतात. हा शब्द ज्या तोफेवरून आला, ती खरी तोफ विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. आणि तिचा धागा दार्दानेल्सच्या त्याच दुनियेपर्यंत जातो.

मुलुखमैदान ओतली गेली ती १५४९ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यातून विजापूरला गेली. तिच्या नळीचा व्यास सुमारे ७० सेंटीमीटर, म्हणजे दार्दानेल्स तोफेपेक्षाही थोडा मोठा. वजन ५५ टनांच्या आसपास. तिच्यावर ओतणाऱ्याचं नाव कोरलंय : महंमद बिन हुसेन रूमी.

यातला 'रूमी' हा शब्द महत्त्वाचा. रूम म्हणजे ऑटोमन तुर्कांचा मुलूख. त्या काळी तोफा ओतण्यात आणि डागण्यात तरबेज असलेले 'रूमी' कारागीर हिंदुस्थानात मोठ्या पगारावर नोकरी करत. १५२६ च्या पानिपतात बाबराच्या तोफखान्याची एक बाजू मुस्तफा रूमीकडे होती. जुनागडच्या उपरकोट किल्ल्यातली 'नीलम' ही तोफ तर १५३१ मध्ये ऑटोमनांच्या ताब्यातल्या इजिप्तमध्ये ओतली गेली आणि दीवच्या स्वारीसाठी आलेल्या तुर्की आरमाराबरोबर इथे आली. मोठमोठ्या ब्राँझ तोफा ओतायची जी विद्या मुनीर अलीच्या पिढीनं कमावली, तीच पुढच्या शतकात अशा कारागिरांबरोबर दख्खनपर्यंत पोहोचली.

पुढच्या वेळी तो फोटो दिसला, तर

तीन गोष्टी तपासा.

एक, तोफ दोन तुकड्यांत आहे आणि आटे दिसतायत? मग ती मुनीर अलीची दार्दानेल्स तोफ असण्याची शक्यता मोठी आहे.

दोन, कॅप्शनमध्ये १४५३ किंवा ऑर्बनचं नाव आहे? मग ते चुकलंय. तोफेवर कोरलेलं साल हिजरी ८६८ आहे, म्हणजे १४६४.

तीन, 'हिनं कॉन्स्टँटिनोपल पाडलं' असं लिहिलंय? तर कमेंटमध्ये निवांत लिहा : हिच्या जातीच्या तोफांनी पाडलेलं मोठं भोक तटाला नव्हतं, ब्रिटिश जहाजाला होतं. आणि ते एवढं मोठं होतं, की त्यातून दोन खलाशी एकदम डोकावत होते.